जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकताना हार्ड डिस्क दिसत नाही? आधी ती कुठे अडली आहे ते शोधा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारी मशीन त्यामुळे पुन्हा चर्चेत आली आहेत. शाळेच्या संगणक कक्षातले जुने पीसी, काकांच्या दुकानातला बिलिंगचा डबा, माळ्यावर ठेवलेला लॅपटॉप अशा सगळ्यांवर लिनक्स टाकायचं लोक मनावर घेताहेत आणि ते योग्यच आहे. धडधाकट मशीन भंगारात घालण्यासारखं दुसरं नुकसान नाही.

पण पेनड्राइव्ह लावला, लिनक्स छान सुरू झालं, 'इन्स्टॉल' दाबलं आणि डिस्क निवडायच्या पानावर एक तर काहीच नाही किंवा फक्त तोच पेनड्राइव्ह, असं झालं की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. दुसरं डिस्ट्रो (लिनक्सचा दुसरा अवतार) डाउनलोड करून पाहतात, नाहीतर 'डिस्क गेली' म्हणून नवी आणतात. पहिल्यात दिवस जातो, दुसऱ्यात पैसे, आणि नवी डिस्कही दिसली नाही की मग मदरबोर्डवर खापर फुटतं.

बायोसपासून (मशीन सुरू होताच चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) इन्स्टॉलरपर्यंत येताना डिस्क तीनच ठिकाणी अडू शकते: बायोसला दिसत नाही, बायोसला दिसते पण लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे गाभ्याला, दिसत नाही, किंवा कर्नलला दिसते पण इन्स्टॉलर दाखवत नाही. तिन्ही दुखणी वेगळी आणि तिन्हींचे उपायही वेगळे. कुठल्या टप्प्यावर अडलं आहे ते कळलं की अर्धं काम झालं, म्हणून हा लेख त्याच क्रमाने जातो.

दोन सूचना आधीच. डिस्कवर जुने फोटो, हिशोब, काहीही ठेवण्यासारखं असेल तर तिसऱ्या टप्प्यातल्या पुसण्याच्या आज्ञांना हात लावण्यापूर्वी ते बाहेर काढा. आणि इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. 'एलएसबीएलके' म्हणजे ही अक्षरं एकापुढे एक, मध्ये जागा न सोडता.

पहिला टप्पा: बायोसलाच डिस्क दिसत नाही

मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून (लॅपटॉपमध्ये एफ१०, एफ१ किंवा एस्केपही असू शकतं) बायोसमध्ये जा. पहिल्याच पानावर किंवा 'स्टोरेज', 'साटा', 'आयडीई' अशा नावाच्या पानावर (आयडीई ही डिस्क जोडायची जुनी पद्धत, साटा नंतरची) जोडलेल्या डिस्कची यादी असते. तुमच्या डिस्कचा मॉडेल नंबर तिथे नसेल तर लिनक्सचा यात काहीही संबंध नाही. टर्मिनल विसरा, स्क्रूड्रायव्हर घ्या.

वायर भिंतीतून काढा, पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून ठेवा आणि मग पेटी उघडा. डिस्कचा डेटा केबल आणि पॉवर केबल दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवा. ही साधी गोष्ट आहे, पण बरीच मशीन एवढ्यावरच सुरू होतात. कोकणात, मुंबईत दमट हवेत बंद पडून राहिलेल्या मशीनमध्ये कनेक्टरच्या संपर्कांवर बारीक थर चढतो आणि दोन-तीनदा काढ-घाल केली की तो घासला जातो. लॅपटॉपच्या डिस्कचे सोनेरी संपर्क मऊ खोडरबरने हलक्या हाताने पुसले तरी चालतात, फक्त रबराचा चुरा आत राहू देऊ नका. बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आणि बोर्ड यांच्यामध्ये एक पातळ पट्टीसारखी केबल असते. ती घडीवर तुटते आणि बाहेरून काही कळत नाही. डिस्क बाहेर काढून यूएसबी अडॅप्टरला लावल्यावर चालत असेल, तर दोष त्या पट्टीत किंवा बोर्डावरच्या पोर्टमध्ये आहे.

आता मशीन सुरू करून डिस्कवर बोटं ठेवा. फिरणारी डिस्क असेल तर बारीक थरथर जाणवते. काहीच जाणवत नसेल तर तिला वीज मिळत नाही किंवा मोटर अडकली आहे. दुसरा पॉवर कनेक्टर लावून पाहा. जुन्या एसएमपीएसमधले (पॉवर सप्लायमधले) कपॅसिटर फुगलेले असतील तर पंखा फिरतो, लाइट लागतो, पण डिस्कच्या मोटरला लागणारे १२ व्होल्ट ताणाखाली टिकत नाहीत. दुसऱ्या मशीनचा एसएमपीएस उसना आणून पाहणं हीच त्याची सगळ्यात स्वस्त परीक्षा. टकटक आवाज येत राहिला आणि डिस्क ओळखली गेली नाही, तर ती आतून गेली. तिच्यावर डेटा असेल तर ती वारंवार चालू-बंद करू नका.

साधारण २००५ च्या आधीच्या मशीनमध्ये रुंद, चपटी आयडीई केबल मिळेल. इथे जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी चिमुकली टोपणं, महत्त्वाचे. एका केबलवर दोन उपकरणं असतील (बहुधा हार्ड डिस्क आणि डीव्हीडी ड्राइव्ह) तर एक 'मास्टर' आणि दुसरं 'स्लेव्ह' हवं. दोन्ही मास्टर झाली की कधी एक दिसतं, कधी एकही नाही. शंका असेल तर डीव्हीडी ड्राइव्ह काढून टाका आणि डिस्क एकटीच लावा. वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या आयडीई डिस्कमध्ये एक खुबी आहे: त्यात 'एकटी' आणि 'मास्टर, सोबत स्लेव्ह' अशा दोन वेगळ्या जागा असतात. एकट्या डिस्कला 'सोबत स्लेव्ह'चा जंपर राहिला तर ती नसलेल्या सोबत्याची वाट पाहते. लेबलवर जंपरची आकृती छापलेली असते, ती वाचा.

केबल ८० तारांची असेल तर तिचं निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक मास्टरला आणि मधलं करडं स्लेव्हला लागतं. ती उलटी लावली की 'केबल सिलेक्ट' (केबलवरच्या जागेवरून मास्टर-स्लेव्ह ठरवणारा) जंपर असलेल्या डिस्कचा गोंधळ होतो. कनेक्टरच्या ४० पिनांत एखादी वाकलेली आहे का तेही टॉर्च मारून बघा. वाकलेली पिन बारीक चिमट्याने सरळ होते, तुटलेली होत नाही. चांगली आयडीई केबल आता नव्या दुकानांत सहसा मिळत नाही, पण मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जुन्या सामानात चौकशी करून बघायला हरकत नाही.

साटा डिस्क असूनही बायोसला दिसत नसेल आणि बोर्ड २००३ ते २००६ च्या आसपासचा असेल, तर चिपसेट (बोर्डावरची डिस्क वगैरे सांभाळणारी चिप) कोणता आहे ते पाहा. ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते, म्हणून जरा थांबून सांगतो. व्हियाच्या व्हीटी८२३७, व्हीटी८२३७आर, व्हीटी६४२०, व्हीटी६४२१एल आणि एसआयएसच्या ७६० व ९६४ या चिप पहिल्या पिढीच्या, म्हणजे १.५ गिगाबिट वेगाच्या साटासाठी बनलेल्या. नंतरच्या ३ गिगाबिटच्या डिस्कशी वेग ठरवण्याची बोलणी त्यांना जमत नाहीत. नियमाने डिस्कने खाली उतरून १.५ वर जुळवून घ्यायला हवं, पण या चिपच्या बाबतीत ते घडतच नाही. परिणाम असा की डिस्क ठणठणीत, केबल नवी, तरी बायोसची यादी रिकामी. उपाय डिस्कवरच असतो: सीगेट आणि वेस्टर्न डिजिटलच्या त्या काळातल्या बऱ्याच साटा डिस्कच्या मागे चिमुकल्या पिना असतात आणि तिथे जंपर घातला की डिस्क १.५ गिगाबिटवर बांधली जाते. कुठल्या पिनांवर घालायचा ते लेबलवर असतं. हे दुखणं कर्नल येण्याआधीचं आहे, त्यामुळे लिनक्सचा कुठलाही पर्याय इथे उपयोगाचा नाही. एसएसडीला असा जंपर नसतो, म्हणून या बोर्डांवर नवीन एसएसडी लावण्याआधी उसनी आणून चालते का ते पाहा. न चालल्यास वेगळ्या चिपचं पीसीआय साटा कार्ड हा मार्ग उरतो. त्यावरून बूट होण्यासाठी कार्डावर स्वतःचं बायोस असावं लागतं, हे विकत घेतानाच विचारा.

इंटेलने २००६ च्या आयसीएच८ पासून चिपसेटमधला आयडीई काढून टाकला. त्यानंतरच्या बोर्डांवर जो आयडीई पोर्ट दिसतो तो जेमायक्रॉन किंवा मार्व्हेलच्या वेगळ्या चिपचा असतो, आणि बायोसमध्ये ती चिप बंद असली की तिच्यावरची डिस्क गायब. 'ऑनबोर्ड आयडीई कंट्रोलर' किंवा 'जेमायक्रॉन कंट्रोलर' अशी ओळ शोधून ती 'एनेबल' करा. तसंच साटाचे पोर्टही एकेक करून बंद करता येतात, तेही तपासा.

फिरायला वेळ घेणाऱ्या म्हाताऱ्या डिस्क असतात. थंड मशीन सुरू केलं की दिसत नाही, पण कंट्रोल-ऑल्ट-डिलीट केलं की दिसते, असं होत असेल तर बायोसमध्ये 'हार्ड डिस्क डिले' किंवा 'आयडीई डिटेक्ट टाइमआउट' यासारखी सोय आहे का बघा आणि काही सेकंद वाढवा.

आणि मदरबोर्डवरचा सेल. सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्यावर बायोस आपल्या मूळ सेटिंगवर जातं, आणि त्याबरोबर तुम्ही केलेले सगळे बदलही. काल दिसलेली डिस्क आज दिसत नाही आणि घड्याळ भलतंच वर्ष दाखवतंय, तर आधी सेल बदला. पुढे जे काही बदलाल ते टिकण्यासाठी तो लागणारच आहे.

दुसरा टप्पा: बायोसला दिसते, लिनक्सला नाही

इथून पुढे पेटी बंद. लिनक्स 'लाइव्ह' म्हणजे इन्स्टॉल न करता सुरू करा आणि टर्मिनल उघडा. पहिली आज्ञा:

एलएसबीएलके

एवढंच. समोर उपकरणांची यादी येते. एसडीए, एसडीबी ही डिस्कची आणि पेनड्राइव्हची नावं. आकारावरून कोण कोण ते ओळखा. एनव्हीएमई एसएसडीचं नाव 'एनव्हीएमई०एन१' असं असतं, तर स्वस्त छोट्या लॅपटॉपमधल्या बोर्डावर चिकटवलेल्या स्टोरेजचं नाव 'एमएमसीबीएलके०'. आयडीई डिस्कलाही आता एसडीए असंच नाव मिळतं. पूर्वीचं एचडीए बंद झालं. तुमच्या डिस्कचा आकार या यादीत दिसला तर हा टप्पा सोडून थेट तिसऱ्याकडे जा.

डेबियनचा साधा इन्स्टॉलर वापरत असाल तर तो 'डिस्क ड्राइव्ह सापडला नाही' असं सांगून ड्रायव्हरची लांबलचक यादी पुढे करतो. त्यातून अंदाजाने निवडत बसू नका. ऑल्ट-एफ२ दाबून (ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एफ२) दुसऱ्या पडद्यावर जा आणि 'कॅट /प्रॉक/पार्टिशन्स' ही आज्ञा द्या. तीच माहिती तिथे मिळते.

डिस्क यादीत नसेल तर दुसरा प्रश्न विचारायचा: कर्नलला डिस्कचा कंट्रोलर तरी दिसतो का?

एलएसपीसीआय -एनएनके

या यादीत 'आयडीई इंटरफेस', 'साटा कंट्रोलर' किंवा 'रेड बस कंट्रोलर' असं काही शोधा. त्याच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ आणि पुढे नाव (एएचसीआय, एटीए_पिक्स, साटा_व्हिया, पाटा_जेमायक्रॉन असं काही) असेल तर ड्रायव्हर लागला आहे आणि अडचण पुढे आहे. कंट्रोलर आहे पण ती ओळ नाही, तर या डिस्ट्रोच्या कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर नाही. घरगुती पीसीत हे क्वचित घडतं. ऑफिसातून निघालेल्या जुन्या सर्व्हरवर मात्र हमखास: रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ ने डेलच्या पर्क ६ सारखी बरीच जुनी रेड कार्डं (अनेक डिस्क एकत्र बांधणारी) सपोर्टमधून काढली. त्याच मशीनवर डेबियन घाला, चालून जातं. अशा कार्डवर डिस्क थेट दिसतही नाहीत. डेलच्या पर्कमध्ये सुरुवातीला कंट्रोल-आर दाबून आत जायचं आणि आधी 'व्हर्च्युअल डिस्क' बनवायची, मगच लिनक्सला ती एक डिस्क म्हणून दिसते. जुन्या एचपी स्मार्ट अ‍ॅरेत तेच काम एफ८ ने.

ड्रायव्हर लागला आहे आणि तरी डिस्क नाही, तेव्हा कर्नलच्या नोंदी वाचायच्या:

सुडो डीएमईएसजी | ग्रेप -आय एटीए

मला विचाराल तर या सगळ्या प्रकारात याच्याएवढी उपयोगी आज्ञा नाही, आणि नवखे लोक नेमकी हीच टाळतात. ओळी लांब आणि रोखठोक असतात, पण वाचायच्या असतात फक्त तीन-चारच. प्रत्येक पोर्टसाठी 'एटीए१', 'एटीए२' अशी नावं येतात.

'एटीए१: साटा लिंक डाउन, एसस्टेटस ०' म्हणजे त्या पोर्टवर विजेच्या पातळीवरही कुणी नाही. रिकाम्या पोर्टसाठी हे अगदी ठीक. डिस्क जिथे लावली आहे त्या पोर्टसाठी हे आलं, तर पुन्हा पहिल्या टप्प्यात जा: केबल, पॉवर, पोर्ट.

'साटा लिंक अप १.५ जीबीपीएस' आणि त्याच्या खाली 'एटीए१.००' असं म्हणून डिस्कचा मॉडेल नंबर, म्हणजे सगळं सुरळीत. डिस्क ओळखली गेली आहे.

लिंक अप आहे, पण त्यानंतर 'क्यूसी टाइमआउट' आणि 'फेल्ड टू आयडेंटिफाय', किंवा 'कॉमरीसेट फेल्ड' अशा ओळी पुन्हा पुन्हा येतात आणि शेवटी कर्नल 'लिमिटिंग साटा लिंक स्पीड टू १.५ जीबीपीएस' म्हणत हळूहळू हार मानतो. डिस्क आहे, ती 'हो' म्हणते, पण 'तू कोण' या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडून धड पोहोचत नाही. इथे पहिला संशय केबलवर, दुसरा वेगावर, तिसरा खुद्द डिस्कवर. केबल बदलून पाहा. मग मशीन पुन्हा सुरू करून पेनड्राइव्हच्या पहिल्या मेन्यूत 'ई' दाबा, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून 'लिबएटीए.फोर्स=१.५जीबीपीएस' जोडा (शेवटच्या शब्दात जी मोठा, बाकी अक्षरं लहान) आणि एफ१० दाबा. वेग आधीपासूनच कमी ठेवल्याने जुन्या केबलवर आणि जुन्या पोर्टवर डिस्क बऱ्याचदा शांतपणे उभी राहते. उभी राहिली पण लिहिताना अडखळते, तर त्याऐवजी 'लिबएटीए.फोर्स=नोएनसीक्यू' करून पाहा.

यापैकी जो पर्याय लागू पडला तो इन्स्टॉल झाल्यावर नव्या सिस्टिमलाही द्यावा लागतो. तो 'ग्रब'च्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगच्या फाइलमध्ये, /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब इथे, कायमचा लिहा आणि 'सुडो अपडेट-ग्रब' द्या. नाहीतर इन्स्टॉल होतं आणि पहिल्याच सुरुवातीला डिस्क पुन्हा हरवते.

इंटरनेटवर 'एसीपीआय=ऑफ', 'नोएपिक', 'पीसीआय=नोएमएसआय', 'आयआरक्यूपोल' हे चारही एकदम टाकायला सांगणारे सल्ले मिळतात. तसं करू नका. एकावेळी एकच टाका, म्हणजे काय लागू पडलं ते कळेल. 'एसीपीआय=ऑफ' शेवटी, कारण त्याने पॉवर मॅनेजमेंटच बंद होतं आणि लॅपटॉपचं पुढचं आयुष्य अवघड होतं. मार्व्हेलच्या ८८एसई९१२८ किंवा ८८एसई९२३० चिपच्या पोर्टवर डिस्क असेल आणि बायोसमध्ये 'व्हीटी-डी' (इंटेलचं आयओएमएमयू, म्हणजे उपकरणांच्या मेमरी-वापरावर पहारा ठेवणारी सोय) चालू असेल, तर 'इंटेल_आयओएमएमयू=ऑफ' आधी करून पाहा; या चिपचा आयओएमएमयूशी तंटा जुना आहे. त्याहून सोपं म्हणजे डिस्क इंटेलच्या पोर्टला लावा.

आता साटा मोड. बायोसमध्ये 'आयडीई', 'एएचसीआय', 'रेड' असे दोन-तीन पर्याय असतात. शक्य असेल तिथे एएचसीआय (साटा डिस्कशी बोलायची नवी पद्धत) ठेवा. त्यात लिनक्सला सगळ्यात कमी त्रास होतो. एएचसीआयमध्ये न दिसणारी डिस्क 'आयडीई' किंवा 'कंपॅटिबल' मोडमध्ये दिसते का, हेही एकदा पाहा, विशेषतः इंटेलच्या आयसीएच६ च्या काळातल्या बोर्डांवर. वेग थोडा कमी मिळेल, पण डिस्क मिळेल.

२०१६ नंतरच्या लॅपटॉपमध्ये (तेही आता जुनेच म्हणायचे) हा मोड फारच महत्त्वाचा. कारखान्यातून त्यातले बरेच इंटेलच्या 'रेड' किंवा 'आरएसटी' मोडमध्ये येतात आणि त्या मोडमध्ये एनव्हीएमई एसएसडी साटा कंट्रोलरच्या आड दडवली जाते. साध्या साटा डिस्कला या मोडमध्ये सहसा काही होत नाही, एनव्हीएमई मात्र पूर्ण गायब. कर्नल नोंदींत तसं स्पष्ट सांगतो: एक 'रीमॅप्ड एनव्हीएमई' उपकरण सापडलं आहे, ते वापरायचं तर बायोस रेडवरून एएचसीआयवर न्या. डीएमईएसजीत 'रीमॅप्ड' हा शब्द शोधा. सापडला तर निदान झालं.

त्याच मशीनवर विंडोजही ठेवायचं असेल तर बायोसमध्ये थेट बदल करू नका, विंडोज निळा पडदा दाखवून थांबेल. आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू आहे का ते बघा आणि त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. मग विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असं सेट करा ('एमएसकॉन्फिग'मध्ये बूटच्या पानावर 'सेफ बूट' ही खूण), रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय निवडा, विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या. त्या वेळी ते नवा ड्रायव्हर स्वतःच उचलतं. नंतर सेफ बूटची खूण काढा. विंडोज ठेवायचं नसेल तर हे काहीच करायला नको.

तिसरा टप्पा: एलएसबीएलके दाखवतं, इन्स्टॉलर दाखवत नाही

हा प्रकार सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो, कारण डिस्क तर समोर आहे. टर्मिनलला दिसते, तिच्यावरच्या फाइली उघडतात, आणि इन्स्टॉलर मात्र ती नाहीच असं वागतो. इथे दोष डिस्कच्या यंत्रणेत नसून तिच्यावर लिहिलेल्या जुन्या खुणांमध्ये असतो.

पहिली खूण रेडची. डिस्क कधीकाळी मदरबोर्डच्या रेडमध्ये किंवा सर्व्हरमध्ये होती, किंवा दुकानदाराने सेकंडहँड विकली तिचा इतिहास माहीत नाही. इंटेल, एनव्हिडिया आणि डीडीएफ या पद्धतींच्या रेडच्या नोंदी डिस्कच्या अगदी शेवटी लिहिलेल्या असतात. तुम्ही ती फॉरमॅट केली, नवी पार्टिशन केली, विंडोज टाकलं, तरी त्या शेवटच्या सेक्टरला कुणी हात लावत नाही. इन्स्टॉलर तिथे जातो, 'ही तर रेडमधली एक डिस्क, तिची जोडीदार नाही' असं समजतो आणि तिला यादीतून वगळतो.

तपासायला:

सुडो वाइपएफएस /डेव्ह/एसडीए

एसडीएच्या जागी तुमच्या डिस्कचं नाव. पुढे काहीही न जोडता दिली तर ही आज्ञा फक्त वाचते, पुसत नाही. उत्तरात 'आयएसडब्ल्यू_रेड_मेंबर', 'डीडीएफ_रेड_मेंबर', 'एनव्हिडिया_रेड_मेंबर' किंवा 'लिनक्स_रेड_मेंबर' यांपैकी काही दिसलं की चोर सापडला. त्या ओळीच्या सुरुवातीला 'ऑफसेट' म्हणून ०एक्सने सुरू होणारा आकडा असतो. फक्त तेवढीच खूण काढायची, बाकी पार्टिशन तशीच ठेवायची असतील, तर:

सुडो वाइपएफएस --बॅकअप -ओ ०एक्स… /डेव्ह/एसडीए

टिंबांच्या जागी तोच आकडा. 'बॅकअप' जोडल्यामुळे पुसलेल्या बाइट्सची छोटी फाइल होम फोल्डरमध्ये (सुडोमुळे बहुधा /रूट इथे) बनते. लाइव्ह मोडमध्ये होम रॅममध्ये असतं, म्हणून ती फाइल लगेच दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवा. डिस्क पूर्ण रिकामीच करायची असेल तर '-ओ' आणि आकड्याऐवजी '-ए' द्या, सगळ्या खुणा एकदम जातात आणि त्यांच्याबरोबर पार्टिशन टेबलही. एंटर दाबण्यापूर्वी डिस्कचं नाव एलएसबीएलकेच्या यादीशी पुन्हा एकदा ताडून बघा. इथे एका अक्षराची चूक म्हणजे भलतीच डिस्क रिकामी.

बोर्डाच्या रेडच्या सेटिंगमध्ये (सुरू होताना कंट्रोल-आय) डिस्क खरोखरच एखाद्या अ‍ॅरेचा (एकत्र बांधलेल्या डिस्कच्या संचाचा) भाग असेल आणि तो अ‍ॅरे अजून वापरात असेल, तर यातलं काहीही करू नका. आधी ज्याचा डेटा आहे त्याला विचारा.

दुसरी खूण अर्धवट राहिलेल्या जीपीटीची. जीपीटी पद्धतीत पार्टिशन टेबलची एक प्रत डिस्कच्या सुरुवातीला आणि दुसरी शेवटी असते. अशा डिस्कवर कुणी नंतर जुन्या एमबीआर पद्धतीने विंडोज टाकलं की सुरुवातीची प्रत बदलते, शेवटची तशीच राहते. मग इन्स्टॉलरला एकाच डिस्कबद्दल दोन परस्परविरोधी गोष्टी दिसतात. 'फिक्सपार्ट्स' हे छोटं हत्यार नेमकं यासाठीच आहे. ते जीडिस्कच्याच संचातलं. 'सुडो फिक्सपार्ट्स /डेव्ह/एसडीए' दिलं की ते उरलेली जीपीटी सापडली का ते सांगतं आणि काढू का असं विचारतं. पार्टिशन तशीच राहतात.

तिसरा प्रकार सगळ्यात घातक आहे आणि त्याकडे नीट लक्ष द्या. इन्स्टॉलरला डिस्क दिसते, पण ती पूर्ण रिकामी, 'अनअलोकेटेड' दिसते. प्रत्यक्षात तिच्यावर विंडोज आणि सगळा डेटा आहे. असं दिसलं की 'संपूर्ण डिस्क वापरा' यावर क्लिक करायचा मोह होतो. थांबा आणि हे द्या:

सुडो पार्टेड -एल

'डिस्कच्या बाहेर पार्टिशन असू शकत नाही' किंवा 'पार्टिशन एकमेकांवर चढली आहेत' अशा अर्थाची तक्रार आली, तर टेबलमधला एखादा आकडा चुकलेला आहे आणि पार्टेडवर चालणारे इन्स्टॉलर अशा वेळी सगळं टेबलच नाकारतात. डेटा जागेवर आहे. आधी तो उतरवून घ्या, मग टेबल दुरुस्त करा किंवा नवं बनवा. विंडोजमध्ये कुणी डिस्क 'डायनॅमिक' केलेली असेल तरी पार्टिशन धड दिसत नाहीत. तिथेही डेटा काढून घेऊन डिस्क नव्याने बांधणं हाच सरळ मार्ग.

आकार भलताच दिसतो

१६० जीबीची डिस्क १३७ जीबीच दिसते, तर बायोस २८ बिटांच्या पत्त्यांवर अडलं आहे. २००२ च्या एटीए-६ मध्ये ४८ बिटांचे पत्ते आले, त्याआधीच्या बोर्डांना पुढचं दिसत नाही. लिनक्सचा कर्नल डिस्कशी थेट बोलतो, त्यामुळे त्याला बहुधा पूर्ण डिस्क दिसते, पण ग्रब बायोसच्या डोळ्यांनीच बघतो. उपाय सोपा: '/बूट'चं वेगळं, साधारण १ जीबीचं पार्टिशन डिस्कच्या अगदी सुरुवातीला करा.

मोठी डिस्क जेमतेम ३२ जीबीची दिसत असेल तर तिच्यावरचा आकार मर्यादित करणारा जंपर काढा. आणि आकार थोडासाच कमी असेल तर 'सुडो एचडीपार्म -एन /डेव्ह/एसडीए' द्या, इथे एन मोठा. काही बोर्ड डिस्कच्या शेवटचा भाग स्वतःसाठी राखून लपवतात, आणि तसं असल्यास ही आज्ञा ते सांगते.

डिस्कच थकली आहे का?

दिसायला लागली म्हणजे भरवशाची झाली असं नाही. इन्स्टॉल करण्याआधी 'सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए' बघा. ते नसेल तर 'डिस्क्स' नावाच्या अ‍ॅपच्या मेन्यूत स्मार्टची (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदींची) माहिती असते. नंबर ५, १९७ आणि १९८ या ओळींचा शेवटचा आकडा शून्य हवा. १९७ म्हणजे वाचता न आलेले, दुरुस्तीच्या रांगेत असलेले सेक्टर; तो वाढत असेल तर त्या डिस्कवर कुणाचं काम अवलंबून ठेवू नका. १९९ चा आकडा मोठा असेल तर दोष डिस्कचा नसून केबलचा असण्याची शक्यता जास्त. केबल बदलल्यावर तो आकडा कमी होत नाही, पण वाढायचा थांबतो.

इन्स्टॉल झालं, पण सुरू होत नाही

डिस्क सापडली, इन्स्टॉल पूर्ण झालं, पेनड्राइव्ह काढला आणि 'नो बूटेबल डिव्हाइस' आलं. जुन्या मशीनवर याचं नेहमीचं कारण असं: कधी कर्नलला पेनड्राइव्ह आधी सापडतो, त्यामुळे तो एसडीए आणि हार्ड डिस्क एसडीबी होते, आणि ग्रब पेनड्राइव्हवर जाऊन बसतो. पेनड्राइव्ह लावला की लिनक्स हार्ड डिस्कवरून सुरू होतं, काढला की नाही, ही त्याची ओळख. तसंच सुरू करा, टर्मिनल उघडा, एलएसबीएलके देऊन आता हार्ड डिस्कचं नाव काय आहे ते बघा आणि 'सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीबी' द्या. नावाच्या शेवटी पार्टिशनचा आकडा लावायचा नाही. नंतर 'सुडो अपडेट-ग्रब', मशीन बंद, पेनड्राइव्ह बाहेर, आणि बायोसच्या बूट ऑर्डरमध्ये हार्ड डिस्क सगळ्यात वर.